काचवाल्या बाई आणि दुसरी सुई

काचेची सुरी करून त्या सुरीने पेशंटच्या शरीरातून काढलेल्या तुकड्याचे अतिशय पातळ काप काढण्यात त्यांचा हात असा बसला होता, की इस्पितळात सगळे त्यांना काचवाल्या बाईच म्हणत. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपची खोली त्यांच्या ताब्यात. नवख्यांना त्या सुनवायच्या, आधी तुकडा नीट थिजवा, लगद्याचे फोटो काढून काय दिवे लावणार?

थिजवायचं औषध म्हणजे ग्लुटाराल्डिहाइड. ते प्रथिनांना एकमेकांशी बांधून टाकतं, म्हणून पेशी होती तशी राहते. ते फॉस्फेटच्या द्रावणात मिसळायचं. त्या दिवशी गप्पांच्या नादात बाईंनी शेजारची, ट्रिस नावाच्या दुसऱ्याच द्रावणाची बाटली उचलली. दिसायला दोन्ही पाण्यासारख्याच. पण ट्रिस स्वतःच त्या औषधाला चिकटून बसतं. प्रथिनांच्या वाट्याला फारसं काही उरत नाही.

त्यात एका शिंप्याच्या मूत्रपिंडाचा, तपासणीसाठी सुईने काढलेला तुकडा गेला. पडद्यावर बघतात तर पेशी फुटून सगळा चिखल. बाईंनी फळीकडे पाहिलं. ट्रिसची बाटली अर्धी झाली होती. फॉस्फेटची तशीच भरलेली. तेवढ्यात डॉक्टर आत आले, आणि बाई बोलून गेल्या, की सुई घालताना पेशंट हलला असावा, तुकडा चिरडूनच आला. डॉक्टरांनी मान डोलावली. इतक्या वर्षांच्या बाईंवर कोण शंका घेणार?

शिंप्यालाही तसंच सांगून सुई पुन्हा घालायची ठरली. नवं द्रावण घेऊन बाई स्वतः गेल्या. शिंपी खाटेवर पालथा पडायच्या तयारीत होता. त्यांना बघून ओशाळला.

"ताई, माझ्यामुळे तुमची मेहनत फुकट गेली. आज श्वाससुद्धा घेत नाही बघा."

बाईंना मान वर करवेना. हातातली कुपी उगाच पुसत राहिल्या.

"तुम्ही हलला नव्हता, काका. औषध मी चुकीचं केलं. आणि नाव तुमचं घेतलं."

तो खाटेवर उठून बसला. मग म्हणाला, "बायको रोज ऐकवतेय, जरा गप्प पडता आलं नाही म्हणून. बाहेर बाकावर बसलीय. तिला सांगा."

"डॉक्टरांनाही सांगते."

"ते नंतर. आधी तिला."

बाहेर बाकावर त्याची बायको नवऱ्याचा सदरा मांडीवर घेऊन बसली होती. बाईंना बघताच ती अदबीने उठून उभी राहिली. बसा म्हणायचं बाईंना धाडस झालं नाही. त्याही उभ्याच राहिल्या, आणि बोलू लागल्या.