लंपीच्या साली गोठ्यातला पोळा

पोळ्याच्या दिवशी सकाळपासून आभाळ भरून आलेलं, पण पडायचं नाव घेत नव्हतं. वारा बंद. लिंबाचं पान हलत नव्हतं. अंगातली बंडी पाठीला चिकटून बसलेली, आणि माश्या तर विचारूच नका! त्या माश्यांचीच त्या साली सगळ्यांना धास्ती होती.

किस्से कसे साठतात सांगू? बैलापुढं कडबा टाकला की मऊ मऊ तेवढं तो खातो आणि बुडखे तसेच ठेवतो. आम्ही त्याला चघळ म्हणतो. रोज झाडून काढा, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढंच. आम्हा बैलवाल्यांच्या गोष्टी तशाच साठत जातात. गावात ट्रॅक्टर झाले, आमच्या गल्लीत बैलवाले आता तिघंच उरलो. मी, किसननाना आणि रशीदभाई. तिघंही शाळेच्या भिंतीला बाहेरून टेकूनच म्हातारे झालो, आत काही गेलो नाही. म्हणून जे काही शिकलो ते बैलांकडूनच.

तर त्या साली लंपी आली. जनावराच्या अंगावर गाठी उठायच्या, ताप यायचा, खाणं बंद व्हायचं. आणि माश्या ते एकाचं दुसऱ्याला लावायच्या. ग्रामपंचायतीनं भोंग्यावरून सांगितलं, "कुणीही बैल घराबाहेर काढू नयेत. मिरवणूक नाही, वाजंत्री नाही. पोळा आपापल्या गोठ्यातच करावा."

किसननाना भोंग्याकडं बघत म्हणाला, "हे आमाला कळलं. पण बैलाला कोण सांगावं बे?"

*

माझी जोडी म्हणजे सर्ज्या आणि गुलब्या. दोघंही लाल कंधारी जातीचे, एका रंगाचे, एका उंचीचे. पोळ्याच्या चार दिवस आधी गुलब्याच्या अंगावर गाठी आल्या. जनावरांच्या डॉक्टरांनी सुई दिली आणि म्हणाले, "तात्या, याला येगळा बांधा. औषध मी दिलंय, पण आता त्यानं तोंड हालवलं पाहिजे. खायला लागला तर वाचला समजा."

मी त्याला घरामागं लिंबाखाली बांधला. पाल्याचा धूर केला. हिरवं गवत दिलं, भुसा भिजवून दिला, सरकी दिली, गूळ दिला. सगळं हुंगायचा आणि मान फिरवायचा.

आमच्याकडं पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे हळद-लोण्यानं मळतात आणि त्याच्या कानात सांगतात, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या." सर्ज्याला सांगितलं. गुलब्याच्या कानाशी वाकलो आणि तसाच मागं सरलो. उद्या जेवायला ये म्हणायचं, आणि आलाच नाही तर?

पदर खोचून कारभारीण मागं उभी होती. म्हणाली, "आवतन द्या की! पावन्याला बरं नसलं म्हून आवतन टाळतेत व्हय?"

मग दिलं. त्यानं कान हलवला. तेवढंच.

*

पोळ्याच्या दिवशी किसननानाच्या घरून आरडाओरडा ऐकू आला. झालं होतं असं, की नानाचा हिऱ्या बैल दर पोळ्याला दुपार कलली की मारुतीच्या देवळाला पाच फेऱ्या घालतो. इतकी वर्षं झाली, आता त्याला कुणी ओढावं लागत नाही. झूल अंगावर पडली, शिंगांना बेगड लागली की गडी निघाला!

त्या दिवशीही झूल पडली आणि हिऱ्या दावं ओढायला लागला. खुंटा हलायला लागला. नाना घाबरला. बाहेर तर काढायचा नाही. मग फेऱ्या घालायच्या कशाभोवती? अंगणात मधोमध सुटं उभं असं एकच काय ते होतं. सरकारी योजनेतला संडास!

नानानं हात जोडले आणि हिऱ्याला त्याभोवती फिरवायला सुरुवात केली. मोठ्यानं जयजयकार. एक फेरी झाली, दोन झाल्या, घुंगरं वाजायलीत, हिऱ्या खूश. पाच झाल्या. नाना खाली वाकून नमस्कार करतोय, तेवढ्यात आतून सुनेचा आवाज आला,

"मामा, झालं असंल तर जरा तिकडं व्हा... मला बाहेर येऊ द्या!"

*

तोवर पुण्याहून माझ्या पोराचा फोन आला. कंपनीत असतो तो. दर पोळ्याला येतो, त्या साली सुट्टी टाकली नाही. कशाला टाकील, गावात काही नव्हतंच. म्हणाला, "तात्या, व्हिडिओ कॉल करतो, बैलं दाखवा."

गुलब्याचं आम्ही त्याला सांगितलं नव्हतं. ते वासरू त्याच्याच हातचं आहे. सांगितलं असतं तर नोकरी सोडून पळत आला असता.

सर्ज्या दाखवला. "लई भारी दिसायलाय! आता गुलब्या दाखवा."

मी काय करावं? मोबाईल घेतला, वळसा घालून सर्ज्याच्या दुसऱ्या अंगाला गेलो आणि म्हणालो, "हा बघ गुलब्या."

पोरगा फसला. पण नात शेजारीच बसलेली. ती म्हणाली, "आजोबा, हा तोच आहे! मघाशी त्याचा गोंडा एका शिंगावर घसरला होता, आताही घसरलाय."

पण सर्ज्या शहाणा. त्यानं मान पुढं केली आणि हातभर जीभ काढून मोबाईल वरपासून खालपर्यंत चाटला!

"तात्या! अंधार कावून झाला?"

"आभाळ आलंय बाबा," म्हणालो आणि फोन बंद केला.

*

संध्याकाळी खरा पेच पडला. आमच्याकडं पोळ्याला बैलांचं लग्न लावतात. एरवी वेशीत सगळे बैल उभे करायचे, मंगलाष्टकं म्हणायची, अक्षता टाकायच्या. आता वेशीत कसं लावणार? मग ठरलं, की भटजीबुवांनी देवळातून भोंग्यावर म्हणायचं आणि आपण आपापल्या गोठ्यात अक्षता टाकायच्या.

आम्ही सगळे मुठीत तांदूळ धरून उभे. भोंगा सुरू झाला. पहिलं झालं, दुसरं झालं. शेवटचं आलं आणि 'सावधान'च्या ऐन आधी लाईट गेली!

गाव चिडीचूप. मुठी तशाच. बैल तसेच. दहा मिनिटं गेली, पंधरा गेली. तांदूळ घामानं ओले झाले.

भिंतीपलीकडून रशीदभाईनं हाक दिली, "तात्या, लगीन लागलं का न्हाई? माझी जोडी आखडून गेली ना!"

"कसं लागंल? सावधान कुठं झालं!"

"मग अर्ध्यातच बैल बसवू काय? गुन्हा होईल माझ्याकडून!"

शेवटी किसननानाच शिडी लावून पत्र्यावर चढला आणि दोन्ही हात तोंडाशी धरून असा काही ओरडला, की पार खालच्या आळीपर्यंत गेलं, "शुभमंगल... सावधाऽऽन!"

घराघरातून अक्षता पडल्या. एकदम टाळ्या झाल्या. भिंतीआड कुणी कुणाला दिसत नव्हतं, पण सगळं गाव हसतंय हे ऐकू येत होतं. मला तर वाटतं, वेशीतल्या पोळ्यापेक्षा तोच पोळा जास्त गाजला.

कारभारीण तांदूळ झटकत म्हणाली, "आपल्या लग्नातबी भटजी घाई करून पळालता. टिकलं की न्हाई?"

*

पण खरं सांगायचं तर माझं मन त्या हसण्यात नव्हतं. लग्नाच्या आधी, दुपारीच, पुरणपोळीचा नैवेद्य दाखवला होता. सर्ज्यानं पाच पोळ्या दोन घासात संपवल्या. गुलब्यापुढं कारभारणीनं पोळ्यांचं सूप धरलं. बराच वेळ धरलं. त्यानं हुंगलं आणि मान फिरवली.

आम्ही दोघांनी एकमेकांकडं बघितलं नाही.

पोळ्याला बैलाचं जुनं दावं काढून नवं घालायचं असतं. आजारी असला तरी सणाचं नवं त्यालाही पाहिजेच, म्हणून मी गुलब्याला नवा कोरा सुताचा कासरा घातला होता. नवा कासरा गुळगुळीत असतो, त्याची गाठ पहिल्या दिवशी धरत नाही. हे मला साठ वर्षं माहीत आहे. तरी त्या दिवशी डोकं ठिकाणावर नव्हतं, एकच गाठ मारली.

लग्न उरकल्यावर दिवस मावळायच्या आत त्याला बघायला मागं गेलो. लिंबाखाली नुसता कासरा पडलेला!

लिंबाच्या पलीकडं बन्सीचा मका. बन्सी म्हणजे माझा शेजारी. त्याच्याकडं ट्रॅक्टर, जनावर एकही नाही, म्हणून लंपीचा बैल तिथं बांधायला त्यानं हरकत घेतली नव्हती. पण मक्याच्या बाबतीत माणूस लई कडक. बांधावरून शेळी नुसती डोकावली तरी त्याचा आवाज बाजारापर्यंत जातो. मागं सर्ज्यानं त्याची दोन ताटं मोडली तर हा गडी तीन महिने माझ्याशी बोलला नव्हता.

बघतो तर मक्यात लाल पाठ दिसायली. आणि तिच्याजवळ, हातात काठी घेऊन, बन्सी!

चार दिवसांचा उपाशी जीव, त्यावर ह्याची काठी पडली तर संपलाच. मी धोतर सावरत पळालो आणि लांबूनच ओरडलो, "बन्सी, मारू नको रं! तुजं नुकसान मी भरून देतो, पण मारू नको!"

बन्सीनं वळून बघितलं. काठी चिखलात टाकली. तोंडावर बोट ठेवलं आणि दबक्या आवाजात मलाच दटावलं,

"वरडू नका, तात्या! हळू या. खायलाय त्यो!"