जास्तीचा महिना

धाडच्या सुभद्राबाईला पंचांगातले महिने लहान पोरीसारखे घडाघडा म्हणता येत. चैत्र बुलढाण्याला, वैशाख धाडला, ज्येष्ठ बुलढाण्याला, आषाढ धाडला. अडीच वर्षांपासून तिचं असंच चाललं होतं.

किसनराव कार्तिकात गेले. चौदाव्याच्या जेवणाची पानं उठली आणि भाऊकी अंगणात सतरंजीवर बसली. दोघा लेकांतली वावराची वाटणी लवकर आटोपली, कारण किसनरावांनी जिवंतपणीच बांधावर दगड रोवून ठेवले होते. मग सुभद्राबाई राहिली. एका चुलत दिरानं खिळ्यावरचं कॅलेंडर काढून मांडीवर घेतलं आणि म्हणाला, "महिन्या-महिन्यानं ठेवा. पाडव्याले न्यायचं, अवसेपर्यंत सांभाळायचं. सहा महिने थोरल्या भागवतचे, सहा धाकट्या हर्षलचे. कोणाचं रडगाणं नको." सगळ्यांनी माना हलवल्या. सुभद्राबाई तेव्हा आतल्या खोलीत खरकटी भांडी गोळा करत होती. तिला हे संध्याकाळी मोठ्या सुनेकडून, शालूकडून, कळलं.

तिनं कुरकुर केली नाही. दर अवसेला ती कापडी बॅग भरे. दोन लुगडी, बीपीच्या गोळ्या, स्टीलचा तांब्या, पोथी आणि लाल फडक्यात गुंडाळलेला पितळेचा बाळकृष्ण. धाडला गेली की ती हरभरा निवडे, शेळ्यांना पाला टाके. बुलढाण्याला गेली की धाकट्या सुनेच्या, पूनमच्या, चकचकीत ओट्याला हात लावायला भीत बसे. दोन्ही घरांत तिच्या नावाची एक खुंटी नव्हती. बॅग खाटेखालीच असायची.

यंदा ज्येष्ठ अधिक आला.

सुभद्राबाईला केवढा आनंद झाला होता! पुरुषोत्तम महिना म्हणजे देवाचा महिना. तीन वर्षांतून एकदा येतो, आणि पुढचा पाहायला मिळेल की नाही कोण जाणे. महिनाभर आधीपासून ती शालूला सांगत होती, "पहाटे आंघोळ करीन, एकभुक्त राहीन, बाळकृष्णापुढं रोज दिवा लावीन. हर्षलच्या घरी तेहतीस अनारसे करीन. माह्या हातचे अनारसे त्याले लई आवडतात." शालू नुसती "हाव, हाव" म्हणत राहिली.

अमावस्या शनिवारची होती. रविवारी भागवत सकाळीच गाडी पुसायला लागला. खामगावच्या रस्त्याला नवीन पार्क झालं होतं. त्यात पाण्याच्या घसरगुंड्या, लाटा येणारा हौद, आकाशपाळणा आणि सिमेंटचे डायनासोर. त्याची दहा वर्षांची करिष्मा सुट्टी लागल्यापासून त्याचाच जप करत होती. भागवतनं हर्षललाही सहकुटुंब तिथंच बोलावलं होतं.

"माय, तूही चाल. फिरणंही होईन अन् तिथूनच हर्षल्या तुले घेऊन जाईन. माही बुलढाण्याची चक्कर वाचते."

सुभद्राबाईनं हिरवं लुगडं नेसलं. जन्मात पहिल्यांदा ती लेकरांसोबत नुसतं फिरायला चालली होती.

दहा वाजता पार्कच्या दारात ऊन असं की डांबराला चप्पल चिकटावी. हर्षल आधीच आला होता. त्यानं वाकून पाया पडल्यासारखं केलं. पूनमनं हसून विचारलं, "कशा आहात आई?" सहा वर्षांची मयुरी येऊन आजीच्या कमरेला बिलगली. सगळं चांगलं चाललं होतं. मग भागवतनं आपल्या गाडीतून कापडी बॅग काढली आणि हर्षलला म्हणाला, "डिक्की खोल बे."

हर्षल जागचा हलला नाही. "दादा, बॅग कशाला? आज तर अधिक लागला."

"मग?"

"मग आमचा महिना निज ज्येष्ठाचा. अजून महिनाभर आहे. पूनम, दाखव ना दादाला."

पूनमनं मोबाइल पुढं केला. तिच्याकडं कॅलेंडर तयारच होतं. "हे बघा भाऊजी. हा अधिक, हा निज. चौदाव्याला ठरलं तेव्हा बारा महिन्यांचंच बोलणं झालं होतं ना?"

"अधिक असो का फधिक, जेष्ठ तो जेष्ठ!" भागवतचा आवाज चढला. "वैशाख मी काढला. काल अवस झाली. आजपासून माही जबाबदारी नाही."

"जास्तीचा महिना आमच्याच माथी काऊन?" हर्षल शहरात राहायचा, पण चिडला की त्याची बोली धाडची होई. "माय माही एकट्याचीच हाय का?"

तिकिटाच्या रांगेतली माणसं वळून पाहू लागली. सुभद्राबाई म्हणाली, "अरे लेकरं उन्हात उभी हायेत. आधी आत चला. बॅग माह्यापाशी राहू द्या." बॅग तिच्याच हातात आली.

आत हौदाच्या काठाला सिमेंटचा बाक होता. सामान ठेवायला लॉकर मिळत होते. शालू म्हणाली, "लॉकर कायले पाहिजे? आत्याबाई हायेत ना." मग चार मोबाइल, दोन मंगळसूत्रं, घड्याळं, गाड्यांच्या किल्ल्या, सगळ्यांच्या चपला आणि कोरड्या कपड्यांच्या पिशव्या सुभद्राबाईच्या भोवती जमा झाल्या. मंगळसूत्रं तिनं बटव्यात घालून बटवा कमरेला खोसला. सगळे पाण्यात गेले. भागवत-हर्षल एकमेकांवर पाणी उडवत खिदळत होते, लहानपणी विहिरीवर खिदळायचे तसे. सुभद्राबाईला वाटलं, निवळले बिचारे. घरची भांडणं पाण्यात विरघळतात. संध्याकाळी कोणीतरी म्हणेल, चाल माय घरी. कोणी का म्हणेना. तिला एवढंच पाहिजे होतं.

बाराच्या सुमाराला आभाळ पश्चिमेकडून काळं होत आलं. धुळीचा लोट उठला, शिट्ट्या वाजल्या, माणसं पाण्यातून बाहेर काढली. टपोरे थेंब पडायला लागले तशी सगळी पोरं-बाया जेवणाच्या पत्र्याखाली पळाली. सुभद्राबाईला पळता येईना. एवढं सामान टाकून जायचं कसं? तिनं चपला पदरात बांधल्या, पिशव्या आणि आपली बॅग दोन्ही खांद्यांना अडकवली, मोबाइल पोटाशी धरले आणि निघाली. अर्ध्या वाटेत गारा लागल्या. बोराएवढ्या गारा डोक्यात, खांद्यावर, हातावर सडासडा. पत्र्याखालून चारही मोठी माणसं तिच्याकडं पाहत होती.

"आजी, पळ! पळ आजी!" मयुरी ओरडली. पूनमनं तिचा दंड धरून ठेवला, "भिजशील."

सुभद्राबाई निथळत आत आली. हर्षलनं आधी मोबाइल घेतला. "आई, ओला केलास ना! पिशवीत घालता येत नव्हता का?"

"गारा लागल्या रे बापा," ती म्हणाली.

"आम्हाले नाही लागल्या?" भागवत म्हणाला. तो पळताना पिशवीतून ओढून नेलेला कोरडा टॉवेल गुंडाळून भजी खात होता.

पाऊस थांबेपर्यंत बाहेर जाता येईना, म्हणून भांडण परत सुरू झालं. सुभद्राबाई मधोमध खुर्चीवर बसली होती. अंगावर काटा उभा राहिला होता आणि लुगड्याचा हिरवा रंग पायाशी उतरत होता. दोन्ही लेक तिच्या डोक्यावरून बोलत होते.

"माह्या घरी उद्यापासून पेरणीआधीची कामं हायेत," भागवत म्हणाला.

"मग कामाला हात होईल की त्यांचा," पूनम बोलली.

"व्वा! म्हणजे कामाच्या नावानं आम्हीच ठेवायच्या, अन् दवाखान्यालेही आम्हीच?" शालू उसळली. "चैताचे तीस दिवस तुह्याकडं होत्या, तर गोळ्या संपल्या तरी आणल्या नाहीत. धाडले आल्या तवा पाय सुजून भोपळा."

"मीठ कमी घाला सांगितलं होतं डॉक्टरांनी. तुमच्याकडं ठेचा खातात त्या."

ऊन पडलं. करिष्मानं हाका मारल्या, शिट्टी वाजली, सगळे उठून पाळण्याकडं गेले. पाळणा वर गेला की नातींचे हात दिसायचे. सुभद्राबाई ओली बसून देवाला म्हणत होती, हे ऊन असंच राहू दे. ऊन असलं की ते हसतात.

पण आभाळाचं काही खरं नव्हतं. दीडला परत सर आली, परत सगळे पत्र्याखाली. या खेपेला भागवतला मस्करी सुचली. "हर्षल्या, ते धक्क्याच्या गाड्या हायेत ना, त्यात बसू. जो आधी भिंतीले लागंन त्याच्याकडं माय!" हर्षल खदखदून हसला. सुनाही हसल्या. सुभद्राबाईलाही हसू आलं, कारण सगळे हसत होते. आणि पाऊस थांबल्यावर दोघं भाऊ खरंच जाऊन त्या गाड्यांत बसले. एकमेकांना धडका देत राहिले. करिष्मा काठावरून ओरडत होती, "पप्पा, हरू नका! हरले तर आजी आपल्या घरी!" पोरीच्या मनात काही नव्हतं. तिला खेळ वाटला.

दोघंही एकदमच भिंतीवर आदळले.

चार वाजता निघायची वेळ झाली तेव्हा तोड काढली ती पूनमनं. ती शालूला बाजूला घेऊन गेली. या दोघी जावा सणावारालाही एका ताटलीत खात नसत, पण आज डोक्याला डोकं लावून बोलल्या आणि हसऱ्या तोंडानं परत आल्या.

"आई," पूनम जवळ बसली, सकाळपासून पहिल्यांदाच. "तुमची किती इच्छा आहे ना अधिक महिन्यात देवाचं करायची? आमच्या माहेराजवळ नदीकाठी मठ आहे. तिथं महिनाभर बायका राहतात. पहाटे काकडा, दुपारी महाप्रसाद, संध्याकाळी कीर्तन. माझ्या ओळखीच्या मनकर्णाबाई तिथं व्यवस्था पाहतात. मी आत्ताच फोन केला. त्या म्हणाल्या, पाठवून द्या."

"भाग्य लागते, आत्याबाई," शालू म्हणाली. "आमच्या घरात कुठं तुमाले एवढं देवाचं करता येते?"

"बेस झालं!" भागवत म्हणाला. हर्षलनं सुस्कारा सोडला आणि मोठ्या भावाच्या पाठीवर थाप मारली.

सुभद्राबाईनं ओला पदर पिळला. महिनाभर ती स्वतःच जे बोलत आली होती, ते यांनी उचलून तिच्याच ओटीत टाकलं होतं. आता नाही कसं म्हणायचं? देवाच्या दाराला नाही म्हणणारी ती कोण?

पण तिच्या मनात एक आलं. आयुष्यात तिनं कोणाची परीक्षा घेतली नव्हती. ती सावकाश म्हणाली, "देवाच्या दारी जायचं तर महिन्यापुरतं कायले? मी तिकडंच राहीन म्हणते. कायमची. निज ज्येष्ठातही नाही येत अन् आषाढातही नाही येत."

एवढं बोलून ती थांबली. पत्र्याच्या कडेवरून पाणी ठिबकत होतं. तिनं भागवतकडं पाहिलं. हा पोटात असताना ती वावरात तूर सोंगत होती. मग हर्षलकडं पाहिलं. याला गोवर आला तेव्हा अकरा दिवस तिनं पाठ टेकली नव्हती. एकजण तरी म्हणेल, काहीबाही काय बोलतेस माय. रागावून म्हणेल. म्हणू दे, रागावूनच म्हणू दे.

हर्षलनं भागवतकडं पाहिलं. भागवतनं टॉवेलनं कान पुसला.

"तुह्या मनात असंन तर आम्ही आडवं येत नाही," भागवत म्हणाला.

"हो ना," हर्षल म्हणाला. "तिथं सोबत मिळेल आईला. आम्ही येत जाऊ की दर्शनाला."

सुभद्राबाईनं कमरेचा बटवा सोडला आणि दोघींची मंगळसूत्रं दोघींच्या हातावर ठेवली. शालूनं आपलं मंगळसूत्र उजेडात धरून मणी तपासले.

मठावर नेऊन सोडायचं कोणी, यावर पार्कच्या फाटकात आणखी थोडी बाचाबाची झाली. मठाची वाट दोघांनाही उलटी पडत होती, करिष्माला झोप येत होती, आणि पूनमला ओल्या लुगड्यानं गाडीची गादी खराब व्हायची भीती होती. तेवढ्यात रस्त्यावर मठाच्या गावाकडं जाणारी एसटी दिसली. हर्षलनं हात केला. भागवतनं बॅग वर टाकली. मोठा लेक म्हणून त्यानंच हात धरून आईला पायरीवर चढवलं.

"आजी कुठं चालली?" मयुरीनं विचारलं.

"देवाकडं," पूनम म्हणाली. मयुरी रडायला लागली, कारण मागच्या वर्षी तिचे आईकडचे आजोबा देवाकडं गेले होते ते परत आले नव्हते. "तसं नाही गं वेडे!" म्हणून सगळे हसले.

खिडकीची जागा मिळाली. कंडक्टरनं विचारलं, "कुठं उतरायचं, माय?" तिनं मठाच्या गावाचं नाव सांगितलं. "लेक काय ते दोघं? एवढ्या पावसात उभे हायेत."

सुभद्राबाईनं बाहेर पाहिलं. सर परत सुरू झाली होती. सुना-पोरी गाड्यांत जाऊन बसल्या होत्या. भागवत आणि हर्षल मात्र एसटीच्या दाराशी खेटून भिजत उभे होते. दोघांपैकी एकही हलत नव्हता, कारण जो आधी जाईल त्याच्या माघारी ती उतरली तर दुसरा तिला त्याच्याच गळ्यात टाकेल, अशी दोघांनाही भीती होती. घंटी वाजली, गाडी हलली, तेव्हा कुठं दोघं वळले.

"आजकाल असे लेक सापडत नाहीत," कंडक्टर तिकीट फाडत म्हणाला.

"हाव," सुभद्राबाई म्हणाली आणि बॅग मांडीवर घेतली.