इस्त्रीखालचा उपदेश

पाळकांचा उपदेश मंडळी रविवारी ऐकायची, पण त्याची परीक्षा शनिवारी दुपारीच होऊन जायची. परीक्षक त्यांची थोरली बहीण, आक्का. नवरा गेल्यापासून ती भावाकडेच राहायची आणि वेदीवरच्या पांढऱ्या कापडाला इस्त्री तीच करायची. पाळक स्वयंपाकघरात स्टुलावर बसून वाचत, आक्का इस्त्री फिरवत ऐके. ती "छान आहे" म्हणाली, की समजायचं, पुन्हा लिहा. इस्त्री क्षणभर हवेत थांबली, की जमलं. मंडळी तिला पाठीमागे 'बिशप' म्हणायची. तिला ते ठाऊक होतं आणि आवडायचंही.

पाळक माणूस भारी चिवट. शुभवर्तमानाच्या, म्हणजे बायबलातल्या येशूच्या चरित्राच्या, वाचनांचं कोष्टक दर तीन वर्षांनी फिरून तेच येतं. म्हणजे नाताळ, उपवासकाळ, पुनरुत्थान आणि पुढचे लांबलचक रविवार, एकदा लिहून ठेवलं की निवृत्तीपर्यंत ददात नाही. पुष्कळ जण तेच करतात आणि जिवाला तोशीस लावून घेत नाहीत. हे मात्र सोमवारी उतारा वाचायचे, मंगळवारी जुना कागद काढून लाल पेनानं स्वतःचेच कान उपटायचे आणि बुधवारी कोरा कागद घ्यायचे. बावीस वर्षं हाच क्रम. असा माणूस शोधून सापडायचा नाही.

त्या आठवड्यात उतारा आला नाईन गावच्या विधवेचा. तिचा एकुलता एक मुलगा गेलेला. येशू तिला म्हणतो, रडू नकोस. मग तिरडीला हात लावतो आणि मुलगा उठून बसतो.

मागच्या खेपेला पाळकांनी यावर झकास उपदेश केला होता. त्यानंतर वर्षभरात आक्काचा एकुलता एक मुलगा तापाचं निमित्त होऊन गेला. तिनं डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं. पाळकांनी तिच्या धीराचं चारचौघांत कौतुकही केलं होतं.

मंगळवारी त्यांनी जुना कागद काढला. 'ज्याचा विश्वास आहे, त्यानं रडू नये.' स्वतःचंच अक्षर पाहून त्यांना कसंसंच झालं.

"आक्का, या वेळी बायबलातल्या पत्रांमधलं वाचन घेतो."

"का? शुभवर्तमान कुठं पळालं?"

"तुला त्रास होईल गं."

"कोष्टकात आहे ते घे. माझ्यासाठी देवाच्या पुस्तकाला कात्री लावू नकोस."

झालं, बिशपचा हुकूम! बुधवार गेला, गुरुवार गेला, टोपली बोळ्यांनी भरली. बहिणीला समोर बसवून खोटं बोलायचं नाही, आणि खरं काय ते ठाऊक नाही. शनिवारी ते अर्धं पान घेऊन स्टुलावर बसले.

"प्रभूनं नाईनला तिरडी थांबवली. आमच्या दारातली नाही थांबवली. का, ते मला माहीत नाही. पण त्या आईला पाहून त्याला कळवळा आला, हे मुलगा उठायच्या आधी लिहिलंय. मी सध्या तेवढ्याच ओळीला धरून उभा आहे."

आक्का "छान आहे" म्हणाली नाही. इस्त्रीही उचलली नाही. करपल्याचा वास सुटला तेव्हा दोघं भानावर आले. कापडाच्या मधोमध इस्त्रीएवढा तपकिरी डाग पडला होता. आक्काच्या हातून असं कधी झालं नव्हतं.

"तू सांगितलं होतंस, विश्वास असेल त्यानं रडू नये," ती डागाकडे बघत म्हणाली. "म्हणून नाही रडले मी. आता रडू का रे?"

पाळकांनी आधी इस्त्रीचं बटण बंद केलं, मग तिला जवळ घेतलं. "चुकलो गं आक्का. रड."

रविवारी वेदीवर तेच डागाळलेलं कापड होतं. दुसरं काढू द्यायला आक्का तयारच नव्हती. पाळक उभे राहिले. अर्ध्या पानाच्या वरच्या बाजूला सकाळी त्यांनी एक ओळ वाढवली होती, ती पहिल्यांदा वाचली. "तीन वर्षांपूर्वी मी इथूनच तुम्हाला चुकीचं सांगितलं, आणि माझ्या बहिणीनं ते पाळलं."

पहिल्या बाकावर आक्का सगळ्यांदेखत ढसाढसा रडत होती. पाळक कागद हातात धरून थांबले आणि तिचं होईपर्यंत पुढचं वाचलं नाही.