डॉक्टर रबाबचा खजूर

दिवस मावळला, मगरिबची अजान झाली आणि डॉक्टर वगीहने शस्त्रक्रियेसाठी आडवं केलेल्या स्वतःच्या आईच्या तोंडात खजूर घातला.

जन्म भूल देण्यात गेलेला माणूस! पेशंटला घोटभर पाणी पाजलं म्हणून नातेवाइकांवर खेकसणारा. पण रमजानात अजान कानी पडली की दमनहूर गावातल्या माणसाचा हात आधी खजुराकडे जातो, मग शेजारच्या तोंडाकडे. डोक्याला विचारतंय कोण? त्यातून खजूरही स्वतःचा नव्हता. "एक द्या, उद्या परत करतो," म्हणत इस्पितळात नव्याने आलेल्या भूलतज्ज्ञ डॉक्टर रबाबच्या डबीतून उचललेला.

त्याची आई इन्साफ कबुतरांना दाणे टाकायला गच्चीवर गेली आणि जिन्यात घसरली. मनगट मोडलं, बोटं निळी पडू लागली. थांबायची सोय नव्हती. रोज्याने पोट रिकामंच होतं. पूर्ण भूल द्यायची आणि ती आपणच, हे वगीहने ठरवून टाकलं होतं. इस्कंदरिया शहरातून रबाब आल्यापासून जो तो 'जिची सुई टोचलेली कळत नाही ती बाई' मागत होता. निदान आईने तरी गल्लीभर आपलं नाव सांगावं, एवढीच त्याची हाव.

"डॉक्टरसाहेब, काय केलंत हे?" रबाब ओरडली.

"गिळलासुद्धा मी," आई म्हणाली. "गोड होता हो."

"आता झोपवलं आणि उलटी छातीत गेली तर? फक्त हात बधिर करू, हाज्जाबाई. जाग्याच राहा. मी करते."

"मी आहे ना इथे," वगीह म्हणाला.

"तू आहेस म्हणून तर ही पाळी आली, बाळा!"

रबाबने डबी तशीच मिटली, रोजा न सोडताच हात धुतले. सोनोग्राफीच्या पडद्यावर नजर ठेवून खांद्याजवळ सुई सरकवली. थोड्या वेळाने इन्साफचा हात उशीसारखा निर्जीव पडला. सर्जनने हाड जुळवेपर्यंत ती आपल्या तिन्ही सुनांच्या भेंडीची निंदा करत होती.

जाताना रबाबने वगीहच्या हातात गोळ्या ठेवल्या. "बधिरपणा उतरायच्या आधी द्या. एकदा ठणका सुरू झाला की गोळीला तो आवरत नाही."

हे त्याला शिकवायचं? गोळ्या खिशात गेल्या. खाटेशेजारी बसून तो आईच्या तोंडून "रबाबचे हात म्हणजे लोणी" हे स्तोत्र ऐकत राहिला. थोडं दुखू दे, त्याच्या मनात आलं. कळ आली की हाक मलाच मारेल.

रमजानातली रात्रीची तरावीहची नमाज आटोपून लोक घरी परतू लागले, तेव्हा आईची करंगळी हलली. मग कपाळावर आठी. मग तिने ओढणीचं टोक दातात धरलं.

"यम्मा, दुखतंय?"

"रबाब गेली का रे?"

इथेही तिचंच नाव!

"बोलावू नको तिला," आई कण्हत म्हणाली. "पोरीने अजून पाणी तरी प्यायलं की नाही, कोण जाणे. मी सोसते."

वगीहने धडपडत गोळ्या काढल्या, पाणी धरलं. पण ठणका तासभर हटला नाही. आईने डाव्या हाताने त्याचं मनगट आवळून धरलं होतं. हवी होती ती हाक ही अशी मिळाली, आणि ती त्याला सोसवेना.

"गोळ्या तुझ्या का रे?" शेवटी तिने विचारलं.

'हो' जिभेवर आलं होतं. "तिच्याच," तो म्हणाला. "मी उशीर केला."

"मग तिचा खजूर तरी वेळेत परत कर."

दुसऱ्या दिवशी त्याने सीवाच्या मरूद्यानातले उत्तम खजूर घेतले आणि इस्पितळात रबाबच्या खोलीच्या दारापर्यंत गेला. दारात एक म्हातारा विचारत होता, "जिची सुई टोचलेली कळत नाही ती बाई इथेच बसते ना?"

"इथेच," वगीह म्हणाला आणि पुडा खिशात टाकून माघारी फिरला. उद्या देऊ.

ईद झाली. पुडा अजून त्याच्या कपाटात आहे.