दुसरी पुसायची

आप्पा निवृत्त शिक्षक, निपाणीजवळच्या गावचे. घरातल्या स्तोत्रांच्या जुन्या हस्तलिखित वह्या ते स्कॅन करायचे आणि पानं पायदळी येऊ नयेत म्हणून जीर्ण वही वेदगंगेत सोडायचे. म्हणजे उरलं ते फक्त त्यांच्या लिनक्सच्या कॉम्प्युटरात. एक डिस्क गेली तरी दुसरीवर तेच राहावं, म्हणून मी तिथं रेड, म्हणजे दोन डिस्कांची जोडी, बसवत होतो.

काम दोन खेपांचं. पहिल्या खेपेला सगळं नव्या डिस्कवर उतरवलं, तिला पहिला नंबर दिला आणि मशीन तिच्यावरून सुरू केलं. जुनी दुसऱ्या नंबरला तशीच ठेवली. कागदावर लिहिलं, पुढच्या खेपेला दुसरी पुसायची आणि जोडीला घ्यायची.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी गेलो. मशीन सुरू झालं. मला माझ्या कागदाचा भारी भरवसा. पुसायचा हुकूम टाइप केला, बोट एंटरवर ठेवलं.

"थांब रं," शेजारच्या खुर्चीतून आप्पा म्हणाले. " आधी आईची वही दाव. परवाच स्कॅन केली, काल सोडली नदीत."

मी वैतागलोच. दाखवतो म्हणून फोल्डर उघडला. वही नव्हती. माझ्या पहिल्या खेपेनंतरच्या आठवड्याभरातलं काहीच नव्हतं.

"न्हाय?" आप्पा खुर्चीला धरून उभे राहिले.

मी टाइप केलेला हुकूम आधी खोडला. "आप्पा, कॉम्प्युटरचा डबा कुणी उघडला होता?"

"मीच की. परवा खंडेनवमीला, वही स्कॅन झाल्यावर. दोन्ही डिस्का फडक्यानं पुसल्या, हळद-कुंकू लावलं, पूजा केली, परत बसवल्या. चुकलं व्हय?"

वायरी उलट बसल्या होत्या. मशीन कुठल्या डिस्कवरून सुरू करायचं ते ठरवणाऱ्या बूटलोडरनं पहिली म्हणून जुनीच डिस्क उचलली होती आणि दुसऱ्या नंबरला आता नवी होती. आईची वही असलेली. मी तीच पुसणार होतो.

मशीन बंद करून वायरी बदलल्या. नंबर पुन्हा लावले, बूटलोडरच्या यादीतला क्रम तपासला, मशीन सुरू केलं. काळ्या पडद्यावर ओळी सरकत होत्या आणि आप्पा हात जोडून उभे होते. मला त्यांच्याकडं बघवेना.

वही उघडली. पहिल्या पानावर त्यांच्या आईचं बारीक, तिरकं अक्षर.

आप्पा डोळे पुसून म्हणाले, "मी दाव म्हटलं नसतं तर काय झालं असतं रं?"

"काय नाही, आप्पा," मी म्हणालो.