न जुळलेले तळवे

चंद्रपूरच्या कॉलेजात शिकवून उरलेल्या वेळात मी समुद्रकाकडीवर काम करते. समुद्राच्या तळाशी लोळणारा, काकडीच्या आकाराचा, बिनहाडाचा जीव. त्याच्या कातडीला बळकटी देतं ते कोलॅजन नावाचं प्रथिन, आणि त्या प्रथिनावर ठरावीक जागी साखरेचे कण जोडलेले असतात. कुठे जोडायचे ते त्या जिवाचं शरीरच ठरवतं. मी त्या जागा शोधते.

"नदीवरची पोर अन् समुद्राचे कीडे चिरून राह्यली," बाबा मला चिडवायचे. सावली गावाजवळ वैनगंगेत जाळी टाकण्यात त्यांचा जन्म गेला.

आमच्यात बोटं आखडली की नदीला बोल लावतात. गार पाण्यात उभं राहून सगळ्यांचीच आखडतात. बाहेर आलं की हातपाय निखाऱ्यावर शेकायचे, झालं औषध. बाबांना जाळ्याची गाठ मारता येईना, तेव्हा मीसुद्धा नदीलाच बोल लावला.

तुळशीच्या लग्नाला मी घरी आले होते, तेव्हा त्यांनी हात जोडले. बोटांची टोकं टेकली, तळवे टेकले नाहीत. मधल्या फटीतून दिवा दिसत होता. रक्तातली साखर वाढलेलीच राहिली तर ती माणसाच्या कोलॅजनला वाटेल तिथे चिकटते, कातडी आणि सांधे ताठ करते, पुढे नसाही बधिर करते. हे मी पोरांना वर्गात सांगते, आणि घरात आंधळी झाले होते. स्वतःचा इतका राग मला कधी आला नव्हता.

"बाबा, उद्याच चंद्रपूरले चला. रक्त तपासू."

"मले काऊन? साखर शयरातल्या लोकाइले होते. आपण मच्छी-भात खाणारे. थंडी सरली का बोटं मोकळे होतीन."

मी फार ताणलं नाही. दोन दिवसांत ऐकतील असं वाटलं.

तिसऱ्या सकाळी ते नदीवरून आले आणि शेगडीपाशी पाय शेकत बसले. मी चहा गाळत होते. जळका वास आला. दूध उतू गेलं म्हणून पाहिलं, तर दूध जागच्या जागी होतं. वळले तेव्हा त्यांची टाच निखाऱ्यावर टेकलेली होती आणि कातडी काळी पडत होती.

मी किंचाळून त्यांचा पाय मागे ओढला.

ते माझ्याकडे बघतच राहिले. "ओढते काऊन, बाई? अजून शेक लागलाच नाई."