काडतुसं आणि कोरा नकाशा

अठराशे सत्तावन्नच्या उठावाची कारणं शिकवताना मी आठवीच्या वर्गाला चुलीचं उदाहरण देते. लाकडं कितीतरी वर्षं वाळत पडलेली होती: गेलेली संस्थानं, वाढलेला शेतसारा, शिपायांचे अपमान. काडतुसं म्हणजे नुसती काडी. तरी पोरं काडतुसांवर पानभर लिहितात आणि बाकीचं दोन ओळींत उरकतात. माझं डोकं फिरतं. मग मी फळ्यावर लिहूनच द्यायचे: तात्कालिक कारण शेवटी आणि थोडक्यात लिहा, पण गाळू नका. 'हे घडलं नसतं, तर उठाव त्या दिवशी झाला नसता', एवढं वाक्य आलं की मार्क पक्का. माझी लेक माझ्याच वर्गात होती. तिला हे तोंडपाठ.

एप्रिलमध्ये आमचे हे गेले. लेकीचा इतिहासाचा पेपर उद्यावर आला होता आणि तिला कोरा नकाशा हवा होता. गल्लीतलं दुकान दुपारचं बंद. हे रात्रपाळी करून आलेले, जेमतेम डोळा लागला होता. "पप्पा, आणा ना," म्हटल्याबरोबर उठले आणि स्कूटर काढून शहागंजच्या बाजारात गेले. नकाशा घेतला आणि तिथल्या घड्याळाच्या मनोऱ्याजवळ लावलेल्या स्कूटरपाशीच खाली बसले. एका कापडवाल्यानं पाणी पाजलं, रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. तोवर सगळं संपलं होतं.

मग बसायला येणाऱ्यांची रीघ लागली. माणूस टेकतो, घोटभर पाणी पितो आणि विचारतो, "काय झालं हो एकदम?" तेच तेच सांगून मी थकले. त्या 'एकदम'ची मला चीड यायला लागली. एकदम कुठं काय होतं? बिडकीनच्या कंपनीतल्या रात्रपाळ्या, साखर, 'काही होत नाही' म्हणत बंद केलेल्या गोळ्या, खिशातली तंबाखू. सासरेही याच वयात असेच गेलेले. पण हे ऐकायला वेळ कुणाला? सगळ्यांना काडतुसंच हवी.

खुलताबादच्या चुलत सासूबाईंनी तर विचारलंच, "पर इतक्या उन्हाचं शहागंजला कशाला गेला व्हता गं?"

मी तोंड उघडायच्या आत लेक आतल्या दारातून म्हणाली, "माझ्यासाठी."

"आसं व्हय," म्हणत सासूबाईंनी पदर डोळ्याला लावला. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. तरी त्यांना हाताला धरून उठवावं, असं मला वाटलं. आठ दिवस पोर हेच मनात घेऊन घरात वावरत होती आणि मला पत्ता नव्हता.

पाहुणे गेल्यावर मी तिला समोर बसवलं आणि वर्गात मांडते तसं एक एक कारण मांडलं. रात्रपाळी. साखर. गोळ्या. तंबाखू. आजोबा. शेवटी मी म्हणाले, "बाळा, नकाशा ही नुसती काडी होती गं. लाकडं कधीची वाळलेली होती."

"पण मम्मी, तूच लिहून देतेस ना? ते घडलं नसतं, तर त्या दिवशी झालं नसतं."

मला खोटं बोलायचं होतं. जमलं नाही. "त्या दिवशी नसतं झालं," मी म्हणाले, "पण आज ना उद्या..."

"मग उद्यापर्यंत तरी होते ना पप्पा? एक दिवस तरी मिळाला असता ना मला?"

मी तिला पोटाशी धरलं. दोघी रडत राहिलो, दिवा लावायचंही सुचलं नाही.

शाळा जूनमध्ये सुरू झाली, धडा पुन्हा आला. आता लाकडं शिकवते, काडतुसंही शिकवते, पण ते वाक्य फळ्यावर लिहून देत नाही. पोरांचा एक मार्क जातो. जाऊ दे.